वस्तीत सकस अन्न पोहोचवायचंय? आधी ते कुठे अडतं ते शोधा

एखाद्या वस्तीत सुरक्षित, सकस अन्नासाठी काहीतरी करायचं ठरलं, की बैठकीत पहिली सूचना हमखास वाटपाची येते. धान्य जमवू, पिशव्या भरू, दर आठवड्याला वाटू. सूचना चांगल्या मनाने आलेली असते, लगेच हाताला काम देते, म्हणून मंजूरही होते. पुढे कळतं की पिशव्या नेल्या जातात, पण आतलं बरंचसं शिजतच नाही. एका घरात इंधन पुरत नाही, दुसऱ्या घरात संध्याकाळी चुलीपाशी उभं राहायला कोणी नसतं, तिसऱ्या घरात धान्य ठेवायला उंदरांपासून सुरक्षित अशी जागाच नाही.

हा लेख अशा दहा-बारा जणांच्या गटासाठी आहे: रहिवासी, शाळेतले पालक, तरुणांचं मंडळ, कोणीही. हाताशी फार पैसा नाही, पण वर्षभर चिकाटीने काम करायची तयारी आहे, असं मी धरून चाललो आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या दोन कंटाळवाण्या वाटतील, पण त्या गाळू नका.

पायरी १ : ‘मिळत नाही’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

१९९६ मध्ये रोमला झालेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेत अन्नसुरक्षेची व्याख्या ठरली. सगळ्या माणसांना, सदासर्वकाळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न प्रत्यक्ष हाती येणं आणि खिशाला परवडणं, असा तिचा गाभा आहे. तिचे चार भाग केले जातात: अन्न उपलब्ध असणं, ते आपल्यापर्यंत पोहोचणं, शरीराला त्याचा उपयोग होणं आणि हे सगळं टिकून राहणं. कागदावर हे ठीक आहे. वस्तीत काम करताना मात्र प्रश्न वेगळा विचारावा लागतो: अन्न ताटापर्यंत येताना कुठे अडतं?

बहुतेक ठिकाणी अडण्याच्या जागा चारच असतात. एक पैसा. दुसरी अंतर आणि वेळ. बाजार दूर असतो किंवा कामावरून परत येईपर्यंत बंद झालेला असतो. तिसरी स्वयंपाकघर, म्हणजे इंधन, पाणी, भांडी, साठवण आणि शिजवणारे हात. चौथी खात्री. विकत घेतलेलं दूध, मांस, भाजी, पाणी खाण्यापिण्यालायक आहे का, याचा भरवसा नसेल तर माणसं बंद पाकिटातल्या वस्तूंकडे वळतात. पाकिटात कोरडं, खारट, गोड काहीतरी असतं, पण निदान त्याने पोट बिघडणार नाही असं त्यांना वाटतं.

या चारांपैकी आपल्याकडे कुठे अडतं, हे न शोधता उपाय निवडला तर तो कसा वाया जातो, याचं अमेरिकेतलं उदाहरण बोलकं आहे. तिथे गरीब वस्त्यांजवळ चांगली दुकानं नाहीत म्हणून लोक वाईट खातात, असं बराच काळ मानलं गेलं आणि दुकानं आणण्यावर भर दिला गेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की श्रीमंत घरांना मिळतात त्याच वस्तू त्याच भावात गरीब घरांना उपलब्ध झाल्या, तरी आहारातली तफावत साधारण १० टक्क्यांनीच कमी होईल. दुकान जवळ नको असा याचा अर्थ नाही. अंतर ही चारांपैकी एकच जागा आहे, आणि नकाशावर ती सगळ्यात सहज दिसते म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात.

पायरी २ : विचारा, आणि नीट विचारा

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने घरातली अन्नाची ओढाताण मोजण्यासाठी आठ प्रश्नांची एक मोजपट्टी बनवली आहे. देशपातळीवरच्या सर्वेक्षणात तिचं गणित संख्याशास्त्राने मांडतात. आपल्याला तेवढं नको; चित्र समजण्यापुरती ती पुरेशी आहे. प्रश्न साधे असतात, उत्तर हो किंवा नाही. गेल्या १२ महिन्यांत पैशाअभावी किंवा इतर साधनांअभावी असं कधी झालं का, की

१. पुरेसं खायला मिळणार नाही अशी काळजी वाटली?
२. सकस, पोषक अन्न खाता आलं नाही?
३. मोजक्याच प्रकारचं अन्न खावं लागलं?
४. एखादं जेवण चुकवावं लागलं?
५. खायला हवं होतं त्यापेक्षा कमी खाल्लं?
६. घरातलं अन्न संपलं?
७. भूक लागली होती, पण खाल्लं नाही?
८. पूर्ण दिवस न खाता गेला?

क्रम मुद्दाम असा आहे. खाली जावं तसं हलाखी वाढते. बहुतेक घरं पहिल्या तीन प्रश्नांना ‘हो’ म्हणत असतील, तर पोट भरतंय पण ताट निकस आहे. तिथे आणखी धान्य वाटून फारसं काही बदलणार नाही. सातव्या-आठव्याला ‘हो’ म्हणणारी घरं सापडली, तर या लेखातलं बाकी सगळं बाजूला ठेवा. त्या घरांत आजच शिजलेलं अन्न पोहोचलं पाहिजे, सर्वेक्षण नंतर पूर्ण करता येईल.

दुसरी चाचणी ताटातल्या विविधतेची. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांनी मागच्या २४ तासांत काय काय खाल्लं ते विचारतात आणि त्याची दहा गटांत वाटणी करतात: धान्य व कंदमुळं, कडधान्यं व डाळी, कठीण कवचाची फळं व तेलबिया, दूध व दुधाचे पदार्थ, मांस-मासे-कोंबडी, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्व भरपूर असलेली इतर फळं-भाज्या, इतर भाज्या, इतर फळं. दहापैकी पाच किंवा जास्त गट आले, तर सूक्ष्म पोषकं (जीवनसत्त्वं, खनिजं) पुरेशी मिळत असण्याची शक्यता वाढते. ही चाचणी एका बाईचा निकाल लावण्यासाठी नाही. वस्तीतल्या किती जणींचे पाच गट भरतात, एवढंच त्यातून घ्यायचं. बायकांना विचारण्याचं आणखी एक कारण आहे. घरात टंचाई आली की पहिला वाटा बहुधा त्यांचाच कमी होतो, आणि घरच्या कर्त्या पुरुषाला विचारलं तर हे कधीच कळत नाही.

विचारायला कोणी जायचं, यावर उत्तरांचा खरेपणा ठरतो. पुढे मदत वाटणार असलेल्या माणसाने वही घेऊन दारात उभं राहू नये. मदत मिळेल या आशेने किंवा लाजेपोटी उत्तरं बदलतात. वस्तीतल्याच, पण शेजारच्या गल्लीतल्या बाईने बसून बोललेलं चांगलं. नाव लिहू नका, घराला क्रमांक द्या, आणि वही एकाच्याच ताब्यात ठेवा. कोणाच्या घरी चूल पेटली नाही ही बातमी गल्लीत फिरली, तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

याच्या जोडीला एक नकाशा हाताने काढा. त्यावर अन्न विकणारी प्रत्येक जागा आणि तिच्या वेळा मांडा, पिण्याच्या पाण्याची ठिकाणं दाखवा, आणि ज्येष्ठ माणूस किंवा कडेवर मूल असलेली बाई पायी कुठवर जाऊ शकते तेही खुणेने दाखवा. वेळा लिहायला विसरू नका. सकाळी भाजीने भरलेला रस्ता रात्री आठला, कामावरची माणसं परततात तेव्हा, रिकामा असतो, हे दिवसा काढलेल्या नकाशात दिसत नाही.

पायरी ३ : जिथे अडतं तिथलाच उपाय निवडा

पैशावर अडत असेल, तर आधी पाहा की वस्तीतल्या किती घरांना सरकारी अन्नयोजनांचा हक्क असूनही तो मिळत नाही. अर्ज अडकलेला असतो, कागद जुना झालेला असतो, नाव चुकलेलं असतं. असा एक अर्ज मार्गी लावला तर त्या घराला महिनोन्महिने अन्न मिळतं. तुमच्या कुठल्याही वाटपाला ते जमणार नाही. त्यानंतर सामुदायिक खरेदीचा विचार करा. कोरडा, टिकाऊ माल दहा-वीस घरांनी मिळून घाऊक घेतला की दर उतरतो आणि गरीब घरं सुट्या मालावर देत असलेला जादा पैसा वाचतो. हिशेब उघडा ठेवा. खरेदीला दोघं जाऊ द्या आणि दोघं दर वेळी बदला.

मोठ्या पातळीवर काय होऊ शकतं, ते ब्राझीलच्या बेलो होरिझोंटे शहराने दाखवलं. तिथल्या महापालिकेने १९९३ मध्ये अन्न हा नागरिकांचा हक्क मानून स्वतंत्र विभाग उभा केला. स्वस्त, पोटभर जेवणाची सार्वजनिक भोजनालयं सुरू केली आणि शेतकऱ्यांना शहरात थेट विकायला जागा दिल्या. विक्रेत्यांना मोक्याची जागा मिळे. त्या बदल्यात ठरावीक भाजी-फळं बांधलेल्या दराने विकावी लागत. भोजनालयं सर्वांना खुली असल्याने तिथे जेवणाऱ्यावर गरिबीचा शिक्का बसत नसे. छोट्या उपक्रमातही हे साधता येतं: रांग एकच, दार एकच, कोणाच्या हातात वेगळ्या रंगाचं कार्ड नाही.

अंतरावर किंवा वेळेवर अडत असेल, तर दुकान आणण्यापेक्षा विक्रेत्याच्या वेळा बदलणं सोपं असतं. ठरावीक संध्याकाळी इतक्या घरांची खरेदी नक्की आहे, असं एका भाजीविक्याला सांगून पाहा. त्याला माल शिल्लक राहण्याची धास्ती असते; गिऱ्हाइकं नक्की असली की ती कमी होते.

स्वयंपाकघरात अडत असेल तर काय द्यायचं हेच बदलतं. जिथे रोज दोन तास शिजवणं शक्य नाही, तिथे कच्च्या डाळीच्या पिशवीपेक्षा सामाईक स्वयंपाकघर उपयोगी. दोन-तीन मोठ्या शेगड्या, वाहतं पाणी, जाळीच्या खिडक्या आणि कुलूप लागणारं कपाट असलं की काम सुरू होतं. वीज नसलेल्या ठिकाणी भाज्या टिकवण्यासाठी मडक्यात मडकं ठेवून मधे ओली वाळू भरायची पद्धत आहे. बाष्पीभवनाने आतलं मडकं गार राहतं. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात तिचा मोठा प्रसार केला. कोरड्या हवेत ती छान चालते, दमट हवेत जवळजवळ नाही. आणि ती फक्त फळं-भाज्यांसाठी आहे. दूध, मांस, शिजलेलं अन्न यांना लागतो तेवढा गारवा तिच्यातून येत नाही.

खात्रीवर अडत असेल तर सुरुवात पाण्यापासून करा. पाण्यावर विश्वास नसेल तर धुणं, शिजवणं, बाळाचं दूध कालवणं, सगळंच संशयात येतं. खळखळून १ मिनिट उकळलेलं पाणी जंतूंच्या बाबतीत सुरक्षित मानतात. २,००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. मात्र आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट हे उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने थोडे वाढतात. भूजल वापरात असेल तर प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, चवीवर जाऊ नका.

पायरी ४ : काय द्यायचं, आणि कशाला नाही म्हणायचं

जागतिक आरोग्य संघटनेचे निकष लक्षात ठेवायला सोपे आहेत. प्रौढाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या; मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि तेही आयोडिनयुक्त; वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, ५ टक्क्यांखाली असली तर आणखी बरं. ४०० ग्रॅममध्ये बटाटा, रताळं असे पिठूळ कंद धरत नाहीत.

दान म्हणून येणारा माल याच्या नेमका उलट असतो. गोड बिस्किटं, खारट तयार पाकिटं, गोड पेयं येतात, कारण ती टिकतात आणि देणाऱ्याला सोयीची असतात. इथे माझा हट्ट आहे: पहिल्याच दिवशी ‘आम्ही काय घेतो’ अशी एका पानाची यादी छापा आणि देणाऱ्याच्या हातात द्या. डाळी, कडधान्यं, खाद्यतेल, सालीसकट टिकणारी फळं, कंद, अंडी, आणि शक्य असेल तिथे दूध. यादीबाहेरच्या मालाला नम्रपणे नाही म्हणा. पहिल्या महिन्यात दोन-चार देणारे रुसतील. बाकीचे यादी पाहून खरेदी करू लागतील, कारण काय द्यावं हे बहुतेकांना खरंच माहीत नसतं.

काही जणांसाठी वेगळी काळजी लागते. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. त्यातल्या बीजाणूंपासून (जंतूंच्या सुप्त, टणक रूपांपासून) बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. बाळाच्या दुधाच्या पावडरीचं सरसकट वाटप करू नका. त्याने स्तनपान मागे पडतं आणि अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर जीवावर बेतू शकते. ज्या बाळाला ती खरोखर लागते त्याचं आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने पाहा. गरोदर स्त्रियांनी न तापवलेलं दूध आणि त्याचे पदार्थ टाळावेत. त्यांतून होणाऱ्या लिस्टेरियाच्या संसर्गाने गर्भाला धोका होतो, आणि हा जंतू फ्रीजमध्येही वाढतो.

पायरी ५ : शिजवताना, थंड करताना, वाढताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे दरवर्षी जगात सुमारे ६० कोटी माणसं आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यांत १ लाख २५ हजार पाच वर्षांखालची मुलं असतात. अशक्त, आधीच अर्धपोटी मुलांना एक जुलाबाची साथ महिनाभर मागे नेते. त्यामुळे सकस अन्न आधी आणि स्वच्छतेचं नंतर पाहू, हा क्रम चालत नाही.

संघटनेची पाच सूत्रं जगभर शिकवली जातात: स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, पूर्ण शिजवा, सुरक्षित तापमानाला ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. पहिली दोन बहुतेकांना पाठ असतात. सामुदायिक स्वयंपाकात घात होतो तो चौथ्यात.

आकडे तीन आहेत. शिजवताना अन्नाच्या मध्यभागी किमान ७० अंश सेल्सिअस. गरम ठेवायचं तर ६० च्या वर. थंड ठेवायचं तर ५ च्या खाली. ५ ते ६० या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि अनुकूल स्थितीत काहींची संख्या दर २० मिनिटांना दुप्पट होते. शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

घरच्या छोट्या पातेल्यात हे सहज पाळलं जातं. शंभर माणसांच्या पातेल्यात तसं होत नाही, आणि नव्या गटांना नेमकं हेच ठाऊक नसतं. मोठं पातेलं वरून गार लागलं तरी मध्यभागी तासन् तास कोमट राहतं. शिजवताना टिकून राहिलेले क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू तिथे जागे होतात. एका जेवणातून एकाच वेळी अनेकांना पोटदुखी आणि जुलाब होण्याच्या घटनांत या जंतूचं नाव वारंवार येतं. म्हणून शक्यतो शिजवा आणि लगेच वाढा. आदल्या रात्री शिजवून सकाळी वाटायची योजना आखूच नका. ठेवावंच लागलं तर पसरट, उथळ भांड्यांत, सुमारे ५ सेंटिमीटर थरात काढा आणि भांडं थंड पाण्यात किंवा बर्फात ठेवून ढवळा. ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत यायला हवं.

‘परत उकळलं की झालं’ हा समज धोक्याचा आहे. स्टॅफिलोकोकस हा जंतू शिजवणाऱ्याच्या नाकात आणि हातावरच्या जखमेत सापडतो. कोमट अन्नात तो जे विष सोडतो, ते उकळूनही नष्ट होत नाही. बॅसिलस सेरियस या जंतूचंही तसंच. भात बाहेर राहिला तर त्याचे बीजाणू वाढतात आणि उलट्या करणारं विष तयार होतं. ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. वेळ चुकलेलं अन्न टाकून द्या. टाकताना वाईट वाटणारच, पण कोणाकडून ‘थोडं चाखून बघ’ असं करून घेऊ नका. चवीवरून विष कळत नाही.

याच कारणासाठी पहिली खरेदी अन्नाच्या तापमापकाची करा, मोठ्या पातेल्याची नंतर. तो नीट चालतो का, हे बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून पाहा. ० अंश दाखवायला हवा.

लाल राजम्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो दानात भरपूर येतो. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात पोट बिघडवणारं नैसर्गिक विष असतं. किमान ५ तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं जोरात उकळून मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. मंद आचेवर, उकळी न येऊ देता शिजवल्यास विष वाढूही शकतं. पिशवीत राजमा देत असाल तर ही चार वाक्यं छापून सोबत द्या.

स्वयंसेवकांसाठी नियम थोडके पण न वाकणारे हवेत. साबणाने २० सेकंद हात धुणं: शौचानंतर, कच्च्या मांसाला किंवा अंड्याला हात लावल्यावर, नाक-केसांना हात लागल्यावर, पैसे हाताळल्यावर. जखमेवर पट्टी आणि वर हातमोजा. जुलाब-उलट्या झालेल्याने लक्षणं थांबल्यावर आणखी ४८ तास स्वयंपाकात यायचं नाही. हा शेवटचा नियम पाळला जावा असं वाटत असेल, तर न येणाऱ्याला कोणी टोमणा मारणार नाही आणि त्याच्या जागी दुसरं कोणी आधीच ठरलेलं असेल, एवढी व्यवस्था करा. माणूस कमी पडू नये म्हणूनच लोक आजारपण लपवतात.

भांडी आणि ओटे धुतल्यानंतर निर्जंतुक करायला घरगुती ब्लीचचे ५ मिलिलिटर ७५० मिलिलिटर पाण्यात मिसळलेलं द्रावण चालतं. आधी घाण निघालेली हवी; मळकट ओट्यावर त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या कुठल्याही साफसफाईच्या द्रवात ते मिसळायचं नाही.

आणि ॲलर्जी. वाढायच्या ठिकाणी एका फळ्यावर आजच्या जेवणात यांपैकी काय आहे ते लिहा: शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळं, तीळ, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, सोया, गहू. ‘थोडंसंच आहे’ हे उत्तर ॲलर्जी असलेल्या माणसाला देऊ नका.

पायरी ६ : साठवण

कोठाराचा नियम एकच: ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. नवा माल मागे, जुना पुढे. जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, भिंतीपासून थोडी मोकळी जागा, झाकणाचे डबे.

तारखांमध्ये गोंधळ होतो आणि बरंच चांगलं अन्न फेकलं जातं. ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सुरक्षिततेची तारीख असते, ती उलटली की वाटायचं नाही. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही दर्जाची असते. त्यानंतर कोरडं, नीट बंद अन्न बहुधा खाण्याजोगं असतं, चव-कुरकुरीतपणा कमी होतो. वाटायला परवानगी आहे का, हे आपल्याकडच्या कायद्यात पाहून घ्या. फुगलेला, शिवणीवर चेपलेला, गळणारा डबा उघडूही नका.

धान्य आणि शेंगदाण्यांवरची बुरशी गांभीर्याने घ्या. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं आणि नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. धान्यातला ओलावा १३-१४ टक्क्यांखाली असला की बुरशी सहसा धरत नाही. बुरसटलेले दाणे निवडून ‘बाकीचं चालेल’ म्हणण्यापेक्षा ते पोतं बाजूला काढा.

वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद ठेवला तर साधारण चार तास गारवा टिकतो. पूर्ण भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. किती वाजता गेली ते दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहायची सवय लावा.

पायरी ७ : सामाईक भाजीबाग, जमिनीची चाचणी झाल्यावरच

बागेने वस्तीचं पोट भरत नाही. पालेभाज्यांचा एक गट ताटात येतो आणि माणसं एकमेकांशी बोलू लागतात. माझ्या मते तेवढ्यासाठीही ती लावावी. पण शहरातल्या रिकाम्या जागेवर पूर्वी काय होतं ते आधी विचारा. जुना रंग, गॅरेज, कारखाना, वर्दळीचा रस्ता यांमुळे मातीत शिसं साचलेलं असू शकतं आणि ते आपोआप नाहीसं होत नाही. मातीचा नमुना तपासा. शंका असेल तर खाली जाड कापड अंथरून, बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करा. दूषित मातीत पालेभाज्या आणि कंद सगळ्यात जोखमीचे. टोमॅटो, वांगी, शेंगा तुलनेने कमी. लहान मुलांच्या बोटांतून तोंडात जाणारी माती हा भाजीपेक्षाही मोठा धोका असतो, त्यामुळे नळ बागेच्या दारातच हवा.

पायरी ८ : नोंदी, आणि कोणी आजारी पडलंच तर

रोज एका पानावर एवढं लिहा: काय शिजवलं, कच्चा माल कुठून कधी आला, मध्यभागी तापमान किती, किती वाजता तयार झालं, किती वाजता वाढून संपलं, कोण कामावर होतं. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, तारीख लिहून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. तक्रार आली तर हेच उपयोगी पडतं.

तक्रार आल्यास वाद घालू नका. उरलेलं अन्न वाटणं ताबडतोब थांबवा, पण फेकू नका. खूण करून वेगळं ठेवा. कोणी काय, किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला हे लिहा. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू झाल्या तर तयार विषाचा संशय येतो. एक-दोन दिवसांनी ताप-जुलाब आले तर जंतुसंसर्गाचा. आरोग्य विभागाला तुम्हीच कळवा. लहान मुलं, ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया यांना आणि शौचात रक्त, सतत उलट्या, लघवी कमी होणं अशी लक्षणं असणाऱ्यांना थेट दवाखान्यात न्या. तोवर क्षार-साखरेचं जलसंजीवनी द्रावण घोटाघोटाने द्या.

पायरी ९ : पुन्हा तेच प्रश्न

सहा महिन्यांनी त्याच घरांत, त्याच पद्धतीने आठ प्रश्न आणि दहा गट पुन्हा विचारा. गेल्या १२ महिन्यांऐवजी या वेळी गेला एक महिना विचारलात तर बदल लवकर दिसेल, पण मग पहिल्या फेरीतही महिन्याचंच विचारलेलं हवं. हे सुरुवातीलाच ठरवा. शक्य असेल तर वर्षभराने, त्याच हंगामातही तुलना करा. काम मिळण्याचे महिने आणि रिकामे महिने यांत ताट आपोआप बदलतं; त्या फरकाचं श्रेय किंवा दोष आपल्या उपक्रमाला जाऊ नये.

दुसऱ्या फेरीत बहुधा असं दिसतं, की अडण्याची जागा सरकली आहे. पैशाचा प्रश्न सैल झाला की वेळेचा वर येतो, पाण्यावर भरवसा बसला की साठवणीचा. त्या प्रमाणात काम बदला, एखादा भाग बंदही करा. बंद करताना निदान दोन महिने आधी सांगा आणि ज्या घरांचं सातवं-आठवं उत्तर अजून ‘हो’ आहे त्यांचं जेवण कुठून येणार हे नक्की झाल्यावरच शेवटचं पातेलं उतरवा.